बोंबील खिडकी उघडी ठेवूनच भाजायचे

बोंबलाला वास येतो. सुकटीला त्याहून जास्त येतो, आणि खारा बांगडा तव्यावर पडला की तिसऱ्या मजल्यावरून थेट पार्किंगपर्यंत स्वतःची हजेरी लावतो. मी हे कधी नाकारलेलं नाही. वास हिंगालाही येतो, लसणालाही येतो, मेथीच्या लाडवांनाही येतो. त्यांच्यासाठी कुणी सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेलं चित्र टाकत नाही.

मी नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहते, शाळेत गणित शिकवते आणि सुकी मासळी खाते. माहेर चांदवडचं. समुद्र आमच्यापासून इतका लांब, की लहानपणी तो मला फक्त भूगोलाच्या पुस्तकात भेटला. ताजा मासा गावात क्वचितच यायचा. आठवड्याच्या बाजारात पोत्यांवर ढीग लागायचे ते सुकटीचे आणि सुक्या बोंबलांचे. पावसाळ्यात भाजी मिळेनाशी झाली की घरोघरी बाजरीची भाकरी आणि बोंबलाचं कालवण. आमच्याकडे बोंबील निवडायचा मान वडिलांचा. त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. बाजाराच्या दिवशी दुपारीच दुकान बंद करून ते हातांवरचं ग्रीस घासून घासून काढायचे आणि मगच बोंबलाला हात लावायचे. भाजीपाला, किराणा, कपडालत्ता सगळं आईनं निवडावं, पण बोंबील त्यांनीच.

आई गेल्यावर आप्पा, म्हणजे हेच माझे वडील, माझ्याकडे आले. खरं तर मी त्यांना आणलं. एकटे असताना ते एकदा मोरीत चक्कर येऊन पडले आणि शेजारच्यांनी कडी वाजवेपर्यंत तसेच पडून राहिले. हे कळलं तेव्हा माझा नवरा म्हणाला, "घेऊन ये त्यांना. मला विचारतेस काय?" आप्पा आले, पण लेकीच्या घरी राहायचं म्हणून अंग चोरून. चहाचा कप स्वतः विसळायचे. टीव्हीचा आवाज इतका बारीक ठेवायचे, की निवेदिकेच्या ओठांवरूनच बातम्या समजून घेत असावेत. काही हवंय का विचारलं, तर उत्तर ठरलेलं: नको. स्वतःहून ते एकाच गोष्टीसाठी तोंड उघडायचे. मंगळवारी संध्याकाळी म्हणायचे, "उद्या बुधवार ना? बाजारात जाणार हायेस का?"

बुधवारचा बाजार गोदाकाठी भरतो. शाळेतून परस्पर मी तिकडे जाते. बाजाराच्या एका कडेला एक मावशी सुकी मासळी घेऊन बसते. मी बोंबील हातात घेऊन वाकवते. कडकन मोडला तर चांगला, लवला तर ओल धरलेला. पिवळा पडलेला तर बघायचाही नाही. सुकट मुठीत धरायची आणि सोडायची, हाताला चिकटली तर परत ढिगात. मावशी वैतागते. "मॅडम, मासळी घेताय का पेपर तपासताय?" म्हणते. म्हणू दे. मला माझ्या निवडीचा अभिमान आहे.

घरी आल्यावर बोंबलांची डोकी-शेपट्या मोडून तुकडे करायचे, कोरड्या तव्यावर भाजायचे आणि मग कोमट पाण्यात धुवायचे. कांदा सढळ हातानं, लसूण ठेचून, आणि काळा मसाला. पहिला तुकडा तव्यावर पडला की आप्पा पेपर बाजूला ठेवून स्वयंपाकघराच्या दारातल्या स्टुलावर येऊन बसायचे. एरवी एका भाकरीवर उठणारा माणूस त्या दिवशी दुसरी मागून घ्यायचा. त्यांच्या तोंडून "वाढ" हा शब्द मी फक्त बुधवारी ऐकायचे आणि मला फार बरं वाटायचं.

मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी म्हणून मी जास्तीचे बोंबील आणले आणि पुन्हा एक ऊन द्यायला गच्चीवर जुन्या चादरीवर पसरले. दुसऱ्या टोकाला चेअरमनकाकांच्या घरच्या कुरडया वाळत होत्या. हे काका आमच्या सोसायटीचे चेअरमन, बँकेतून निवृत्त झालेले, खालच्याच मजल्यावर राहतात. माणूस हसतमुख. कडू बोलायचं असलं तरी साखरेत घोळून बोलणार. ते वर आले, चादरीकडे बघून त्यांनी नाक मुरडलं आणि हसून म्हणाले, "मॅडम, कुरडयांना वास लागेल हो."

"वारा तुमच्याकडून माझ्याकडे वाहतोय काका," मी म्हटलं. "माझ्या बोंबलांना कुरडयांचा वास लागला तर मी कुणाकडे जाऊ?"

ते हसले. पण खाली जाताना त्यांनी परत एकदा वळून चादरीकडे बघितलं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. हे काका शाकाहारी नाहीत. आखाडात याच गच्चीवर सोसायटीची पार्टी होते, चिकनची पातेली वर चढतात आणि काका स्वतः रस्सा वाढतात. त्यांच्याकडे बर्फाच्या डब्यातून सुरमई घरपोच येते आणि ती आल्याचं ते लिफ्टमध्ये सांगतात. म्हणजे आक्षेप मांसमच्छीला नव्हता, बोंबलाला होता. सुरमई म्हणजे हौस. बोंबील म्हणजे बाजारात पोत्यावर बसून विकायची आणि कामाला जाणाऱ्यांनी भाकरीत गुंडाळून न्यायची वस्तू. त्यांना माशाचा वास येत नव्हता, गरिबीचा येत होता, आणि ती तर आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या शिजलेली आहे. मी ती फिनेलनं पुसून टाकणार नाही.

पाऊस सुरू झाला आणि जिन्यात खरोखरच घाण वास येऊ लागला. सुरुवातीला अधूनमधून यायचा, मग रोजच यायला लागला. ग्रुपवर हात जोडलेलं चित्र आलं, त्याखाली विनंती: उग्र वासाचे पदार्थ करताना इतरांचा विचार करावा. नाव नव्हतं, पण त्या दिवशी लिफ्टमध्ये माझ्याशी कुणी बोललं नाही. संध्याकाळी काका दारात उभे. आप्पा आत स्टुलावर बसले होते, मी कणीक मळत होते.

"राग मानू नका मॅडम, तुम्ही सुशिक्षित आहात म्हणून बोलतो," काका म्हणाले. "घरात ज्येष्ठ मंडळी आल्यापासून प्रमाण जरा वाढलंय, असं लोकांचं म्हणणं आहे."

"कोण लोक?"

"नावं कशाला? आणि हल्ली मॉलमध्ये हवाबंद पाकिटात मिळतं की सगळं. वास नाही, काही नाही."

ते पाकीट मी एकदा आणून बघितलं होतं. गुळगुळीत, चकचकीत, आणि चवीला पुठ्ठा. पण माझं लक्ष पाकिटाकडे नव्हतंच. ज्येष्ठ मंडळी म्हणताना काकांनी आवाज खाली घेतला होता, तरी तो पुरेसा खाली गेला नव्हता. मी वळून बघितलं तर स्टूल रिकामं होतं.

त्या रात्री जेवताना आप्पा म्हणाले, "मला चांदवडला सोड. आखाड संपला की जातो."

"तिथं कोण आहे तुमच्याजवळ? परत पडलात तर?"

"पडलो तर पडलो. माझं काय आता. तुला हितं रोज लोकांना तोंड दाखवायचं हाय."

मी चिडले, समजावलं, शेवटी रडले. आप्पांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी आपली चेनची बॅग भरून कॉटच्या पायथ्याशी ठेवली. मंगळवार आला, त्यांनी बाजाराचं विचारलं नाही. मी स्वतःहून म्हटलं तर हात जोडले, "माझ्यापायी नको." मग मी आणले नाहीत. त्याहून वाईट पुढेच होतं. साध्या वरणाला फोडणी घालायची वेळ आली, की आप्पा उठून स्वयंपाकघराची खिडकी लावायचे आणि बाहेरच्या दाराच्या फटीत टॉवेल दाबून ठेवायचे. आयुष्यभर भर रस्त्यात बसून सायकली दुरुस्त केलेला माणूस माझ्या घरात जिरेमोहरीचा वास लपवत होता. भाकरी एकावरून अर्धीवर आली. नवरा रात्री कंपनीतून आला, की बॅगेकडे बघायचा आणि हात धुवायला जायचा.

आणि जिन्यातला वास? तो वाढतच होता. आमच्या घरात कित्येक दिवसांत बोंबलाचा तुकडा शिजला नव्हता, बेगमीचा डबा घट्ट झाकण लावून माळ्यावर पडला होता, तरी ग्रुपवर "पुन्हा एकदा नम्र विनंती" आली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दोनच दिवसांनी शाळेतून येताना जिन्याच्या पहिल्या पायरीशी माझा पाय घसरला. खाली काळपट पाण्याचा ओघळ होता आणि त्याच्या वासानं डोळ्यांत पाणी आलं. तो ओघळ जिन्याखालून येत होता. तिथल्या जुन्या सायकली सरकवल्या, तर मागे प्लॅस्टिकच्या जाड निळ्या पिशव्या, तोंडं सुतळीनं करकचून बांधलेली. आत कांदा होता, म्हणजे कधीकाळी होता. आता त्याचा लगदा झाला होता.

कांदा कुणाचा ते विचारावं लागलं नाही. आमच्या इमारतीत निम्म्या घरांना गावाकडून उन्हाळ कांदा येतो आणि तो जिन्याखालीच राहतो. चेअरमनकाकांच्या भावाची शेती लासलगावजवळ आहे. गोणीतून सालपटं उडतात, पायऱ्या घाण होतात, अशी तक्रार आल्यामुळे काकांनी स्वच्छतेचा आदर्श घालून द्यायचं ठरवलं आणि इमारतीत एकट्यांनीच आपला कांदा हवेशीर गोणीतून काढून प्लॅस्टिकमध्ये कोंडला. कांद्याला हवा लागते हे इकडे न शिकवताही सगळ्यांना ठाऊक असतं. काका तर कांदा साठवायच्या चाळीत खेळून मोठे झालेले. पण चेअरमन झाले आणि स्वच्छता अंगात आली.

मी दोन मजले चढून त्यांची बेल वाजवली. "काका, जरा खाली चला."

ते आले, नाकाला रुमाल लावून उभे राहिले, आणि मी त्यांना पहिल्यांदाच न हसता पाहिलं. संध्याकाळी ग्रुपवर निरोप आला: वासाचे कारण सापडले असून ते दूर करण्यात आले आहे, सहकार्याबद्दल आभार. कारण कुणाचं, ते दूर कुणी केलं, काही नाही.

रात्री काका आमच्या दारात. हातात कुरडयांची पिशवी. "गैरसमज झाला बघा मॅडम," ते म्हणाले. "म्हणजे तुमचा वास नव्हताच!"

नवऱ्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचं हसू आलं. मीही कुरडया घेऊन दार लावू शकले असते. पण माझ्या मागे कॉटवर आप्पा बसले होते आणि त्यांच्या पायाशी ती बॅग होती. निर्दोष ठरून मला काय मिळणार होतं? मी न शिजवल्यामुळे निर्दोष ठरले होते. उद्या शिजवलं की परत आरोपी.

"काका," मी म्हटलं, "हा वास माझा नव्हता. बुधवारी येईल तो मात्र माझा असेल. आत्ताच सांगून ठेवते."

ते हसायला लागले. मी हसले नाही, तसे थांबले.

"आणि प्रमाण आप्पांमुळे वाढलेलं नाही. ते यायच्या आधीपासून मी खाते, ते आहेत तोवर खाईन, नंतरही खाईन. तुमची सुरमई येते तेव्हा मी खिडकी लावत नाही. कुरडया छान दिसतायत, काकूंना सांगा."

बुधवारी पाऊस होता. माळ्यावर डबा होता, पण बुधवार म्हणजे बाजार. मावशीनं ढिगांवर प्लॅस्टिक ओढलं होतं. एका हातात छत्री धरून मी बोंबील वाकवून बघितले, घेतले. घरी येऊन स्वयंपाकघराची खिडकी उघडली, बाहेरचं दार सताड उघडलं आणि तवा ठेवला. पहिला तुकडा तडतडला तसे आप्पा उठले आणि खिडकीकडे निघाले.

"आप्पा, बसा."

माझा आवाज वर्गातला होता. ते स्टुलावर बसले. जिन्यातून कुणीतरी वर गेलं, कुणीतरी खाली आलं, दारासमोर पावलं जरा रेंगाळली. आप्पा दर वेळी दाराकडे बघत होते आणि मी तव्याकडे.

ताट वाढलं. आप्पांनी पहिला घास घेतला, सावकाश चावला आणि थांबले. आता परत चांदवड निघणार, असं वाटलं.

"ओल धरलेला हाय," ते म्हणाले.

"काय?"

"बोंबील. नरम पडलाय. वाकवून बघितला का नाय?"

"बघितला की."

"मधून वाकवला असशील. शेपटाकडून बघायचा असतो. गंडवलं तुला तिनं." बोलता बोलता त्यांनी भाकरी संपवली, शेवटच्या तुकड्यानं ताट पुसलं आणि ते माझ्यापुढे सरकवलं. "वाढ. आणि पुढच्या बुधवारी मी येतो बाजारात. तुला निवडता येत नाय."

मला निवडता येतं. मी वाद घातला नाही, त्यांना दुसरी भाकरी वाढली.