शिंपीकाकांचा दुसरा हिवाळा

तळ्याला अर्धा फेरा झाला आणि शिंपीकाका धापा टाकत थांबले. डॉक्टरांनी त्यांना रोज कोवळ्या उन्हात चालायला सांगितलं होतं. काकू गेल्या हिवाळ्यात गेल्या. यंदा थंडी पडली तसं काकांनी अंथरूण धरलं, म्हणून मी, त्यांच्या शेजारणीने, त्यांना आज बळेच बाहेर काढलं होतं.

"दमलात? चाळीस वर्षं पायमशीन चालवलंत ना?" मी चिडवलं.

"अगं, ते बसून चालवायचं असतं!" ते हसले.

मग तळ्याकडे बघत म्हणाले, "कोटांचा हंगाम होता. तुझी काकू काजं करता करता खोकायची. मी म्हटलं, एवढे कोट होऊ देत, मग डॉक्टरकडे जाऊ. तीही हो म्हणाली. शेवटच्या कोटाची काजं मीच केली, ती गेल्यावर."

मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

"सकाळी उठावंसंच वाटत नाही गं. उद्या मी आतून नको म्हणेन, बरं नाही म्हणेन. तू ऐकू नकोस. दार उघडेपर्यंत कडी वाजवत राहा."