पावणेतीन मिलिमीटरचा हिमालय

लग्नानंतर अठरा वर्षांनी बायकोनं बी.एड.ला प्रवेश घेतला. पहिला सराव पाठ पस्तीस मिनिटांचा होता. अकराव्या मिनिटाला तिची वाचा बसली आणि ती वर्गातून बाहेर आली. दुसरा पाठ भूगोलाचा, नववीला: भूपट्ट एकमेकांवर आदळून पर्वत कसे होतात. तोही अडला तर कॉलेज सोडायचं, असं तिनं ठरवलं होतं.

मदत म्हणून मी नमुना करायला घेतला. मला अंदाजपंचे चालत नाही. कन्याकुमारी ते काश्मीर सुमारे तीन हजार दोनशे किलोमीटर. ते एक मीटरच्या फळीवर बसवलं. त्या प्रमाणात सर्वांत उंच शिखर पावणेतीन मिलिमीटर आलं. शाडूचं तेवढंच केलं, पट्टी लावून पाहिलं आणि पाठाच्या आदल्या संध्याकाळी तिला दाखवलं.

तेवढ्यात शेजारच्या भाभी आल्या, साखरपुड्याला नेलेल्या आमच्या दोन सतरंज्या परत करायला. फळीवर वाकून म्हणाल्या, "भाईजान, ये पहाड है के पापड?"

"प्रमाणात आहे, भाभी."

"पीछे के बच्चे कू दिखना नक्को?"

बायको त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली. तिनं दोन्ही सतरंज्या कडेला कड लावून अंथरल्या आणि एक दोन्ही तळव्यांनी पुढं ढकलली. तिची कड दुसरीच्या खाली शिरली. वरची चुरगळून वीतभर उठली.

"ही भारताची. आशियाच्या खाली घुसतेय, म्हणून वरचीला घड्या पडताहेत."

"और ढकेले तो?"

"अजून उंच. आजही सरकतेय, वर्षाला चार-पाच सेंटिमीटर."

"घडी प्रमाणापेक्षा पंचवीसपट तरी उंच झालीय," मी म्हणालो.

"तुम्ही बसा मोजत. मला शिकवू द्या."

भाभी तिथंच मांडी घालून बसल्या आणि मुद्दाम वेडेवाकडे प्रश्न विचारत राहिल्या. बायकोनं अख्खा पाठ दोनदा घेतला.

दुसऱ्या दिवशी ती घरी आली तेव्हा हाताला खडू तसाच होता. "एका मुलीनं विचारलं, दौलताबादचा डोंगरही असाच झाला का. म्हटलं, नाही, तो लाव्हाचे थर साचून झाला, मग पाण्यानं झिजला. टिपण बघितलंच नाही मी."

"घंटा?"

"झाली की. मी बोलतच होते."

भाभींना सांगायला ती अनवाणीच गेली. त्यांचे आभार कसे मानावेत, मला अजून जमलेलं नाही. त्या दिवशी मी कुकरमध्ये त्यांच्यासाठीही तांदूळ घातले.