राहीबाईचे हात आणि कुशाबाची घोंगडी

तुडीलच्या बौद्धवाडीत कुणाचंही मूल जन्मलं की न्हाऊ घालायला राहीबाईच लागायची. पायांवर पालथं घेऊन ती असं तेल जिरवायची की भोकाड पसरलेलं पोरही पेंगायला लागे. आपल्या हातांचा तिला गर्व होता आणि तो ती लपवतही नसे.

अठ्ठ्याहत्तर सालच्या थंडीत त्याच हातांना खाज सुटली. बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, मग कमरेला. झोडणीत भाताची कुसं लागली असतील म्हणून तिने कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळी केल्या, करंजेल चोळलं. अंथरुणात शिरलं की पुन्हा तेच, जीव नुसता मेटाकुटीला येई. आणि नेमकी लेक मंजुळा पहिल्या बाळंतपणाला पोलादपूरहून यायची होती. तिच्या सासूने, जानकीबाईने, निरोप धाडला, "आईची खाज गेल्याबिगर पोरगी धाडायची नाय." राहीबाईला ते फार लागलं. विहीण चुकत नव्हती, म्हणून जास्तच लागलं.

महाडच्या दवाखान्यातल्या चारुशीलाबाई नर्सनी तिची बोटं फाकवून पाहिली. "खरूज आहे. बारीक किडा कातडीत घर करतो, एकाचा दुसऱ्याला लागतो. यात लाजायचं काही नाही. हे पांढरं औषध गळ्यापासून तळपायापर्यंत लावा. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी, खाजत असो वा नसो. कपडे, अंथरूण उकळा."

घरात दोघंच, ती आणि नवरा कुशाबा. राहीबाईने औषध लावलं, लुगडी-गोधड्या उकळल्या. खाज पळाली, पण काही दिवसांनी नवे फोड आले. ती तोंड पाडून पुन्हा महाडला गेली.

"नवऱ्याने लावलं का औषध?" बाईंनी विचारलं.

"ते रातचे वालाच्या राखणीला जातात. पहाटं आले की त्यांची घोंगडी पांघरून मी चुलीपाशी बसते..." बोलता बोलता राहीबाईने जीभ चावली. घोंगडीला कधी कुणी पाणी लावतं का? आणि कुशाबाने औषधाच्या बाटलीकडे बघितलंही नव्हतं.

"मला खाजत नाय, मग तो पातळ चुना कशाला फासू?" घरी कुशाबाचं उत्तर तयार होतं.

"किडा अंगावर असला तरी लगेच खाजत नाय, बाई बोलल्या. आता सांगा, नातवंड हवं का घोंगडी?"

"उकळलीस तर आटंल गो ती," कुशाबा काकुळतीला आला.

"उकळायची नाय. गाठोडं बांधून पंधरा दिवस लांब ठेवायची. माणसाचं अंग मिळालं नाय की किडा मरतो."

मग तिने स्वतःला पुन्हा औषध लावलं आणि कुशाबालाही पडवीत लंगोटीवर बसवून गळ्यापासून तळपायापर्यंत माखलं. त्याला भयंकर गुदगुल्या होत. तो असा खिदळत होता की आख्खी वाडी बघायला जमली.

खाज थोडी रेंगाळली. बाईंनी तसं आधीच सांगितलं होतं, म्हणून राहीबाई घाबरली नाही. नवा फोड मात्र एकही आला नाही, आणि मंजुळा माहेरी आली.

तिला मुलगी झाली. जानकीबाई बाळंतविडा घेऊन आली तेव्हा न्हाणीत पाणी तापलं होतं. राहीबाई पाय लांब करून बसली खरी, पण विहिणीला बघून तिने हात पदराखाली घेतले. जानकीबाईने पाळण्यातून नात उचलली आणि आपल्या हाताने राहीबाईच्या पायांवर ठेवली.

"घाला न्हाऊ, विहीणबाई. ह्या हातांसाठीच तर थांबलो होतो आम्ही."