वसूची दुसरी मैत्रीण

शरदचा फोन आला तेव्हा मी लंडनजवळ पिनरच्या घरी कपड्यांना इस्त्री करत होते. "अनू, वसू गेली गं सकाळी..." मी इस्त्रीचं बटण बंद केलं. मग तो म्हणाला, "मोरागला कळवलंय. ती दुपारच्या ट्रेनने निघतेय." नागपूरच्या मेडिकल हॉस्टेलपासूनची माझी मैत्रीण गेली होती, आणि मला पहिलं टोचलं ते हे, की तिच्या नवऱ्याने फोन आधी मोरागला केला. आता महिना उलटला, तरी ते टोचणं गेलेलं नाही.

खरं तर मोराग आमच्यात आली ती माझ्याचमुळे. २००४चा उन्हाळा असेल. वसू कार्डिफला रेडिओलॉजिस्ट, मी इथे जीपी. वर्षातून एकदा नवरे-मुलं मागे ठेवून दोघींनीच कुठेतरी जायचं, हा आमचा नेम. त्या वर्षी आर्ब्रोथ मी शोधून काढलं. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं छोटं गाव, धुरावर शिजवलेल्या हॅडॉक माशासाठी प्रसिद्ध. मूळची वेंगुर्ल्याची वसू माशासाठी कुठेही आली असती! बंदरामागच्या एका घराच्या परसात मोराग काम करत होती. पिंपात लाकडं पेटलेली, वर काठ्यांवर शेपटीला शेपटी बांधून टांगलेले मासे, आणि धूर कोंडायला ओलं गोणपाट. मी डोळे पुसत लांब उभी राहिले. वसू सरळ तिच्या शेजारी जाऊन बसली. "आमच्याकडे मासे उन्हात वाळवतात. तुमच्याकडे ऊनच नाही, म्हणून धूर का?" मोराग खो खो हसत सुटली. तिचं स्कॉटिश बोलणं मला निम्मं कळत नव्हतं. वसूलाही कळत नसणार, पण तिचं काही अडत नव्हतं. थोड्या वेळाने बघते तर ही बाह्या सरसावून सुतळीने मासे बांधतेय. मला कोणी बांधायला दिले नाहीत... मी मागितलेही नव्हते म्हणा.

ते गरम मासे आम्ही कागदावर घेऊन बंदराच्या कठड्यावर बसून खाल्ले. इतका चविष्ट मासा मी आयुष्यात खाल्ला नाही. बोटं चाटत वसू म्हणाली, "पुढच्या वर्षीही इथेच." आणि खरंच, त्यानंतर दरवर्षी आर्ब्रोथच. मी दोनदा गेले. पण त्या दोघींच्या गप्पांत मी पाहुणी असायचे. मग वसू एकटीच जायला लागली.

गेल्या वर्षी तिला कॅन्सर निघाला. मला कळलं तेव्हा मोरागला कळून कितीतरी दिवस झाले होते. मी फोनवर भडकलेच. "मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू लगेच डॉक्टर झाली असतीस, अनू. रिपोर्ट पाठव म्हणाली असतीस. मोरागने काही विचारलं नाही. मासे बांधायला दिले. बांधता बांधता मी बोलले."

मी म्हटलं, "बरं, रिपोर्ट पाठव." वसू हसली... दमलेलं, पण अगदी हॉस्टेलमधलं हसू.

वसू गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कार्डिफला पोचले, तर तिच्या किचनमध्ये मोराग. काळ्या कोटालाही धुराचा वास. मला बघून ती मोकळेपणाने रडली. मग म्हणाली, "खरं सांगू? मला तुझा रागच यायचा. वसू येऊन बसली की अनू असं म्हणते, अनूला हे आवडेल... सगळा वेळ तू!" मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. धीर करून विचारलं, "त्या दिवशी मासे बांधताना ती काय बोलली?"

मोरागने मान हलवली. "ते नाही सांगणार. तेवढं माझ्याकडे राहू दे."

बाहेर माणसं जमली होती. मोरागने सगळ्यांसाठी चहा ठेवला आणि साखर शोधायला लागली. हे कपाट उघड, ते कपाट उघड. मी थोडा वेळ तिला शोधू दिलं. वसू साखर कायम पिठाच्या डब्यामागे लपवायची. हॉस्टेलमध्ये आमच्या खोलीवर येणाऱ्या पोरी साखर संपवायच्या, तेव्हापासूनची सवय. कार्डिफच्या घरात कोण संपवणार होतं? तरीही. मी पिठाचा डबा सरकवला आणि मागून साखरेची बरणी काढून मोरागसमोर ठेवली.

ती बघतच राहिली. "तुला कसं माहीत?"

"ते नाही सांगणार," मी म्हटलं.