पाला मागच्यानं घ्यायचा

सेहेचाळिसाव्या वर्षी मोटारसायकल शिकायला निघालेला माणूस कसा दिसतो हे बघायचं असेल, तर त्या ऑक्टोबरात चिखल्याच्या किनाऱ्यावर यायला हवं होतं. ओहोटीला वाळू टणक असते आणि पडलं तरी हाड मोडत नाही, म्हणून स्वप्नानं ती जागा निवडली होती. शांताराम गुरुजी हेल्मेट घालून, पँटचे पाय मोज्यांत खोचून गाडीवर बसत. क्लच सुटला की गाडी एक उडी मारी आणि बंद पडे. पहिल्या रविवारी घाबरून उडालेले कावळे तिसऱ्या रविवारी जागचे हलेनासे झाले होते.

"हळू सोडा ना क्लच, गुरुजी. गाडी पळून नाय जाणार."

"मागं कोणी बसलंय का गं?"

"मी इथं समोर उभी आहे. मागं कोण बसणार?"

गुरुजी वळून बघत. सीट रिकामी असे. तरी गाडी चालू झाली की मागं कुणी सरकून नीट बसल्यासारखं वाटे आणि कानाशी एकच प्रश्न येई. तो प्रश्न त्यांनी बावीस वर्षांत कुणालाही सांगितला नव्हता, आणि जिला सांगायला हवा होता ती समोर उभी राहून त्यांना गियर टाकायला शिकवत होती.

गुरुजी तसे सरळमार्गी म्हणून ओळखले जात. कॉपी करणाऱ्या पोराला ते माफ करत, खोटं बोलणाऱ्याला मात्र वर्गाबाहेर उभं करत. लोक म्हणत, कडक माणूस. खरं म्हणजे त्या पोरांच्या जागी त्यांना स्वतःलाच उभं करायचं होतं.

बावीस वर्षांपूर्वी ते तलासरीकडच्या एका पाड्यावरच्या शाळेत नवे लागले होते. पाड्यावरचा प्रविण त्यांचा दोस्त. शाळा सुटली की तो त्यांना आपल्या गाडीवरून हमरस्त्यापर्यंत सोडायचा. पाड्याच्या शिवेवर, उताराच्या वळणाला, वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड आहे. हिरवा पाला वाहिल्याशिवाय तिथून पुढं जायचं नाही, अशी रीत. पायी जाणारा आपला आपण वाहतो. गाडीवर चालवणाऱ्याचे हात गुंतलेले, म्हणून पाला मागच्यानं घ्यायचा. निघतानाच डहाळी मोडून हातात धरायची आणि वळणावर गाडी हळू झाली की दगडाशी टाकायची.

त्या दिवशी गुरुजींना घाई होती. किक मारताना प्रविणनं रोजच्यासारखं विचारलं, "पाला घेतला का?"

"घेतला," गुरुजी म्हणाले.

घेतला नव्हता. गाडीवरून पुन्हा उतरायचा कंटाळा आला होता, आणि नव्यानं मास्तर झालेल्या माणसाला असल्या गोष्टींचं जरा हसूही येत होतं. वळणावर प्रविण म्हणाला, "टाक." मागून काहीच पडेना. त्यानं मान वळवून पाहिलं, गुरुजींचे हात रिकामे. तो रागावलासुद्धा नाही. डावा हात सोडून त्यानं कडेच्या कुड्याची डहाळी ओढली, आणि पुढचं चाक खडीवर गेलं.

प्रविण जागीच गेला. गुरुजींचा डावा पाय मोडला. खडीवरून गाडी घसरली, असं त्यांनी पोलिसांना सांगितलं. हे खोटं नव्हतं, एवढंच की पुरतं खरं नव्हतं. बरे झाल्यावर त्यांनी बदली मागून घेतली, पाड्याचं नाव पुन्हा काढलं नाही, आणि मोटारसायकलवर बसणं सोडलं ते सोडलंच. सासऱ्यांच्या मयतीला ते एसटीनं निघाले आणि सगळं आटोपल्यावर पोचले. त्यावरून त्यांची बायको जयश्री अजून टोमणे मारते.

पण चुकवलेलं चुकत नाही. यंदा बदल्या संगणकावर झाल्या आणि संगणकाला कुणाचं काय माहीत! दिवाळीची सुट्टी संपली की हजर व्हायचं होतं त्याच पाड्याच्या शाळेत. तिथवर जाणारी बस कधीच बंद झालेली, सगळे मास्तर गाडीवर जात. सरावलीच्या घरी गुरुजी तो कागद हातात धरून बसले होते, तेव्हाच जयश्रीचं रक्त तपासायला न्यायला डहाणूच्या लॅबमधली स्वप्ना आली. "मी शिकवते की," ती म्हणाली. "आमच्याच पाड्याची शाळा ती. तुम्ही माझ्या बाबांना ओळखत असाल, प्रविण." गुरुजींना हो म्हणवेना, नाही म्हणवेना. जयश्रीनंच परस्पर रविवार ठरवून टाकला.

दिवाळीच्या तोंडावर, वाघोबाला पुजायच्या वाघबारशीच्या सकाळी स्वप्ना म्हणाली, "वाळू बास झाली. आज मला घरी सोडा. आईनं बोलावलंय." आणि मागं बसलीसुद्धा.

गुरुजींनी गाडी चालवली. चिकूच्या बागा मागं पडल्या, हमरस्ता आला, तो सोडून पाड्याचा रस्ता लागला. मागं स्वप्ना बसली होती हे त्यांना माहीत होतं. पण तिच्या नि त्यांच्या मधे आणखी कुणी बसलंय, ही भीती काही केल्या जाईना. वळणाचा चढ दिसला आणि मागून आवाज आला.

"पाला घेतला का?"

गुरुजींनी दोन्ही ब्रेक दाबले. गाडी गचकन थांबून बंद पडली.

"काय झालं, गुरुजी? मीच विसरले," स्वप्ना म्हणाली. "पाला मागच्यानं घ्यायचा असतो. थांबा, तोडून आणते. आईला कळलं तर जीव खाईल माझा. बाबा पाला न वाहता पुढं गेले म्हणून वाघोबानं नेलं, असं सगळा पाडा म्हणतो. आई दर वाघबारशीला इथं कोंबडा देते आणि त्यांच्या वतीनं माफी मागते. आज तेच आहे."

हे गुरुजींना ठाऊक नव्हतं. बावीस वर्षं त्यांना वाटत होतं, आपलं खोटं आपल्यालाच खातंय. ते एका बाईला दर वर्षी त्या दगडापुढं वाकवत होतं. गुरुजींना स्वतःची किळस आली. ते गाडीवरून उतरले आणि रस्त्यातच उभ्या उभ्या त्यांनी तिला सगळं सांगितलं.

बोलता बोलता तोडून घेतलेल्या डहाळीची पानं स्वप्ना एकेक करून खुडत होती.

"मला काय सांगता?" ती शेवटी म्हणाली. "मी दोन वर्षांची होते. आईला सांगा. आणि गाडी तुम्हीच चालवा, मी पाला वाहून चालत येते."

घर वळणापासून फार लांब नव्हतं. अंगणात स्वप्नाची आई अहिल्या उखळाला बांधलेल्या कोंबड्यापुढं तांदूळ टाकत होती. गुरुजींना तिनं ओळखलं, बसायला खाट ओढली. ते बसले नाहीत. त्यांनी उभ्यानंच सांगितलं, आणि या वेळी एकही शब्द गाळला नाही.

अहिल्यानं ऐकून घेतलं. मग तिनं एवढंच विचारलं, "तो काय बोलला? शेवटचा?"

"टाक, म्हणाला."

"म्हंजी त्याच्या ध्यानात होता."

"होतं. मीच खोटं बोललो."

"आन मी त्याला शिव्या घातल्या, गुरजी. इतकी वरसं. मेलेल्या माणसाला." पदरानं तोंड पुसून ती खाली बसली आणि कोंबड्याच्या पायाची दोरी सोडली. कोंबडा दोन पावलं चालला आणि पुन्हा येऊन तांदूळ टिपू लागला. "माझा देणा फिटला," अहिल्या म्हणाली. "म्होरल्या सालापासून कोंबडा तुमी द्यायचा. जा आता."

तिनं माफ केलं नाही, आणि गुरुजींनीही माफी मागितली नाही. फाटकात स्वप्ना भेटली. ती वाट देऊन बाजूला झाली.

दुपारच्या उन्हात गुरुजींनी कुड्याची एक डहाळी मोडून शर्टाच्या खिशात ठेवली आणि किक मारली. गाडी एकदाही बंद न पडता निघाली. थोडं पुढं जाताच मागची सीट दबल्यासारखी वाटली, आणि तो प्रश्न आला. गुरुजींनी वळून पाहिलं नाही.

"घेतला," ते मोठ्यानं म्हणाले. मग वळणावर गाडी उभी करून ते खाली उतरले आणि पाला दगडापाशी ठेवला, कारण मागच्याच्या हातात तो देता येत नव्हता.