पाळकसाहेबांनी खोडलेली पानं

रेव्हरंड उबाळे माझ्या डीटीपीच्या दुकानात आले की आधी खुर्ची भिंतीकडे वळवायचे, मग प्रुफं वाचायला घ्यायचे. "समोर माणसं दिसली की मी प्रवचन द्यायला लागतो," म्हणायचे. कल्याणात सगळे त्यांना पाळकसाहेब म्हणत, म्हणून मीही. आमचं घर बौद्ध. चर्चशी माझा संबंध त्यांच्या पुस्तकांपुरताच. गेल्या वर्षी ते गेले.

अँग्लिकन परंपरेच्या चर्चमध्ये त्यांची चाळीस वर्षं गेली. आधी नगरकडची खेडी, मग ठाणे, शेवटी कल्याण. रविवारी उपासना, आठवडाभर आजाऱ्यांच्या भेटी, लग्नं, दफनं, आणि उरलेल्या वेळात लेखन. ज्यांच्या घरी कुणी वारलंय अशांसाठी त्यांनी लिहिलेलं छोटं पुस्तक लोक अजून मागतात.

त्याची नवी आवृत्ती निघायच्या बेतात होती, तेव्हा त्यांच्या पत्नी शांताबाई वारल्या. दोन महिन्यांनी साहेबांनी प्रुफं परत आणली. निम्म्याहून जास्त पानांवर तिरक्या रेघा.

"साहेब, हे सगळं काढायचं?"

"काढ गं. इथं मी लिहिलंय, रडू आवरा, तुमचं माणूस प्रभूजवळ सुखात आहे. शांता सुखात असेलच. पण मी लोकांना नीट रडूसुद्धा दिलं नाही."

"आणि विश्वास?" मी विचारून बसले.

"तो आहे. मी दमलोय, एवढंच."

प्रकाशक म्हणाले, आहे तसंच छापू. साहेब नाही म्हणाले. ते पुस्तक पुन्हा निघालं नाही.

पुढे ठाण्यात, वर्तकनगरच्या घरी माझे वडील वारले. येणारा प्रत्येकजण मला समजावत होता आणि मला ते ऐकवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब आले. कल्याणहून बस, मग रिक्षा, मग तीन जिने. धाप लागलेली. काकांनी आदराने म्हटलं, "तुम्ही दोन शब्द बोला."

"मला नाही जमायचं हो," म्हणत ते माझ्याशेजारी सतरंजीवर बसले. मग हळूच विचारलं, "बाबांना चहा कसा लागायचा?"

"आलं घालून. साखर कमी," सांगता सांगता मला रडू फुटलं. त्यांनी थांबवलं नाही. पाठीवर हातही ठेवला नाही. नुसते बसून राहिले.

उठताना भिंतीचा आधार घेत म्हणाले, "उद्या येऊ?"

"या," मी म्हटलं. त्या दिवसांत मी दुसऱ्या कुणालाच या म्हटलं नव्हतं.