पाठमोरी मोटार

आधी चहा संपवा, मग सांगतो. तोंडात घोट असताना हसलात तर सतरंजी आमची खराब व्हायची. आणि हसणार तर तुम्ही आहातच, कारण गाढवपणा माझा आहे!

दुसऱ्या महायुद्धाची लढाई नुकतीच संपली होती. मी नगरला कचेरीत कारकून आणि आमची रूथ राजूरच्या शाळेत बाई. म्हणजे दर शनिवारी नगरहून राजूर गाठायचं आणि परत यायचं. त्या वेळची सर्व्हिस मोटार चालायची कोळशाच्या गॅसवर. चालायची कसली, खोकायची! धुरानं माणूस इतका काळा व्हायचा, की एकदा राजूरला उतरलो तर सासरे मलाच विचारतात, "काय वो पाव्हणं, आमचं जावई न्हाई का आलं या गाडीनं?"

त्याच दिवशी ठरवलं, आपली स्वतःची मोटार घ्यायची. जुनी चालेल. पण स्वस्त हवी, पेट्रोल कमी पिणारी हवी आणि एवढ्या लांबच्या रस्त्यात दगा न देणारी हवी.

भिंगारच्या एका मोटारवाल्याकडे उंच कापडी टपाची एक म्हातारी गाडी होती. अहो, मी तिची पारख काय केली म्हणता! टायरांना लाथा घातल्या. हॉर्न वाजवला. इंजिनाला कान लावून ऐकलं, तर कानच भाजला. भिंगारच्या सपाट रस्त्यावरून चार चकरा मारल्या. मग तज्ज्ञासारखं विचारलं, "घाट चढते का?"

"चढती म्हंजे?" तो म्हणाला. "सुलटी न्हाई चढली, तर उलटी चढंल, सायेब!"

काय हा आत्मविश्वास! मला वाटलं, माणूस किती रंगून बोलतो. घेतली गाडी.

पहिलाच प्रवास, आणि तोही कसला? आमच्या पहिल्या बाळाचा बाप्तिस्मा! नगरच्या पाळकसाहेबांना मी गाडीतून राजूरला न्यायचं, आणि विधी आटोपला की बाळ-बाळंतिणीला घेऊन नगरला यायचं, असा बेत. पाळकसाहेब म्हणजे भारदस्त माणूस. ते बसले तशी गाडी एका बाजूला कलली.

संगमनेर गेलं, अकोले गेलं. गाडी अशी पळत होती की मी शीळ घालू लागलो. राजूरच्या अलीकडचा घाट लागला. पहिलं वळण झालं, आणि इंजिन गप्प! हँडल मारलं की सुरू, चार हात चढलं की बंद. पुन्हा हँडल, पुन्हा बंद. माझा सदरा पिळून निघाला.

"पेट्रोल आहे ना?" पाळकसाहेबांनी विचारलं.

टाकी सीटखाली होती. झाकण काढून पाहिलं. पेट्रोल होतं. पण इंजिन वर आणि टाकी खाली. पेट्रोल काय पायऱ्या चढून जाणार?

आणि तेव्हा, मित्रहो, माझ्या अंगावर काटा आला. 'उलटी चढंल!' अहो, तो माणूस बढाई मारत नव्हता. तो बिचारा खरं तेच सांगत होता! गाडी उलटी फिरवली की टाकी वर, इंजिन खाली!

"पाळकसाहेब," मी म्हणालो, "आता आपण रिव्हर्समध्ये चढणार."

"कुठपर्यंत?"

"वरपर्यंत."

त्यांनी डोळे मिटले. घाट संपेपर्यंत ते उघडले नाहीत.

मी गाडी वळवली, मान मागे फिरवली आणि निघालो. आणि काय चढली हो! एका बाजूला दरी, वरून उतरणारे बैल मोटारीची पाठ अंगावर येताना बघून बुजतायत, गाडीवान माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतोय, आणि शेजारी पाळकसाहेबांची प्रार्थना दर वळणाला वरच्या पट्टीत जातेय.

आता वरची गंमत ऐका. घाटमाथ्यावर सासरे सगळी मंडळी घेऊन स्वागताला उभे. त्यांना दिसलं काय? गाडीचा पार्श्वभाग, आणि गाडीचं नि पाळकसाहेबांचं तोंड नगरकडे!

"आरं देवा! पाळकसायेब रुसून माघारी चालले!" सासरे ओरडले. बायकांनी गळा काढला. सासरे धोतर सावरत धावत सुटले, "सायेब, काय चुकलं आमचं? जावईबापू, थांबा की वो!"

पण आम्ही जात कुठं होतो? आम्ही तर त्यांच्याच अंगावर येत होतो!

"मामा, बाजूला व्हा!" मी किंचाळलो.

"आता आमी बाजूलाच का?" सासऱ्यांचा आवाज रडवेला झाला.

तेवढ्यात सपाटी आली. चढावर मी जेवढा जोर दिला होता, तेवढाच सपाटीवरही देऊन बसलो. सासरे एका बाजूला उडी मारते झाले, मंडळी दुसऱ्या बाजूला, आणि गाडी थेट बाप्तिस्म्यासाठी गावाबाहेर घातलेल्या मांडवात! मधला खांब गेला. सगळा मांडव सावकाश, अगदी अदबीनं, आमच्यावर येऊन बसला. नशीब, आत कुणी नव्हतं. कापडाखालच्या अंधारात पाळकसाहेबांनी प्रार्थना थांबवून विचारलं, "पोचलो का आपण? या लोकी की त्या?"

विधी कसाबसा पार पडला. सासरे माझ्याशी बोलेनात. रूथ तर नजरही वर करीना. पाळकसाहेबांनी जाहीर केलं की ते सोमवारच्या सर्व्हिस मोटारीनं येतील, धुरानं काळे झाले तरी हरकत नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कधी एकदा तिथून निघतो असं वाटत होतं. दोघांनी घाम गाळून हँडल मारलं तेव्हा कुठं इंजिन धरलं. "लवकर बसा, बंद पडेल!" मी ओरडत होतो. मागे सामान पडल्याचे आवाज आले. दार धाडकन लागलं. मी सोडली गाडी!

मागून माणसं हात हलवत, ओरडत धावत आली. मला भरून आलं. एवढं झालं तरी किती ही माया! मीही रुमाल काढून हलवला.

उतारावर गाडी लोण्यासारखी चालली. मागं वळून रूथच्या डोळ्यांत बघायची छाती नव्हती. समोर बघतच बोलू लागलो, "रागावलीस?"

मागून बारीकसं "कुक्" आलं. मी म्हटलं, हुंदका!

"रूथ, चुकलंच माझं. तू म्हणाली होतीस, जाणत्या माणसाला दाखवून घ्या. मी ऐकलं नाही. मी हट्टी आहे, मला कशातलं काही कळत नाही. इथून पुढं तू सांगशील तसं."

"कुक्."

केवढा दिलासा! मग लग्न झाल्यापासूनच्या सगळ्या चुका मी एकेक करून कबूल केल्या. संगमनेर येईपर्यंत मन कसं पिसासारखं हलकं झालं. हॉटेलापुढं गाडी उभी केली आणि म्हटलं, "बाळाला माझ्याकडे दे, तू चहा घे."

वळून पाहतो तो काय! सीटवर तांदळाचं पोतं. पोत्यावर रिकामा पाळणा. आणि पाळण्यात, पाय बांधलेला, सासऱ्यांनी भेट दिलेला कोंबडा!

तुम्हाला सांगतो, बायकोची इतक्या मनापासून माफी मी जन्मात एकदाच मागितली. आणि ती कोंबड्यानं ऐकून घेतली!